चालू वर्तमानकाळ बोलता करणं: कुडाळच्या संध्याकाळच्या वर्गाच्या नोंदी

१ जुलै २०२५

इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू झाला. वाचनालयाची मागची खोली, संध्याकाळी साडेसहा ते आठ, मंगळवार ते शुक्रवार. येणारी मुलं-मुली कुडाळ, पिंगुळी, नेरूर, झाराप या भागातली. गोव्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला की यातल्या बहुतेकांना हॉटेलात लागायचंय. कुणाला रिसेप्शनला, कुणाला हाउसकीपिंगला, कुणाला रेस्टॉरंटमध्ये. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या बाजूला काम बघणारेही वाढलेत. दोन काकी आहेत, त्या घरच्या घरी होमस्टे चालवतात.

या नोंदी असाच वर्ग घेणाऱ्यांसाठी. व्याकरणाचं पुस्तक कुठेही मिळतं. गाडं नेमकं कुठे अडतं आणि काय केल्यावर सुटतं, ते इथे लिहीत जाणार आहे.

तीन महिन्यांत सगळं इंग्रजी होणार नाही, म्हणून एकच काळ धरलाय. मी पणजीत फ्रंट ऑफिसला होते तेव्हा काउंटरवर आणि फोनवर सगळ्यात जास्त हाच लागायचा. "आय ॲम चेकिंग, सर." "समवन इज कमिंग अप." "आर यू चेकिंग आउट टुडे?" "द लिफ्ट इज नॉट वर्किंग." हा एक काळ नीट बोलता आला तर नोकरीचा पहिला महिना निभावतो.

आज चाचणी घेतली. कागदावर साध्या वर्तमानकाळातली वाक्यं चालू वर्तमानकाळात करायला दिली, ती जवळजवळ सगळ्यांची बरोबर आली. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. मग वह्या मिटायला लावल्या आणि एकेकाला विचारलं, "व्हॉट आर यू डूइंग?" उत्तरं अशी आली: "आय ॲम बीकॉम." "माय फादर इज फार्मर." "आय सिटिंग."

पहिली दोन उत्तरं नीट पाहण्यासारखी आहेत. आपल्याकडे "काय करतंस?" हा एकच प्रश्न. चुलीपुढे बसलेल्याला विचारला तर हातातलं काम सांगतो, लग्नात भेटलेल्याला विचारला तर नोकरी सांगतो. इंग्रजीत याचे दोन प्रश्न होतात, "व्हॉट डू यू डू?" आणि "व्हॉट आर यू डूइंग?" मुलाखतीत पहिला येतो, फोनवर दुसरा. हे दोन्ही प्रश्न भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले, तीन महिने काढायचे नाहीत.

३ जुलै

फळ्यावर कर्ता, मग ॲम-इज-आर, मग आयएनजी. फळ्यावर सगळं बरोबर, तोंडात मात्र "आय गोइंग", "शी कमिंग". मधला शब्द का गळतो याचा आज छडा लावला. मोबाइलवर इंग्रजी बोलणाऱ्यांची एक छोटी चित्रफीत लावली आणि ऐकू आलं तसं देवनागरीत लिहायला सांगितलं. कुणीच "आय ॲम" लिहिलं नाही. "आय गोइंग", "ही लुकिंग", फार तर "हीज लुकिंग". कानावर जे पडतं त्यात "ॲम" आणि "इज" गिळलेले असतात. तोंड कानाचंच ऐकतं, वहीचं नाही.

म्हणून सुटं शिकवणं बंद केलं. "आय्म" हा एकच शब्द. "हीज", "शीज", "वुई'र", "दे'र" हेही तसेच एकेक शब्द. "आय्म चेकिंग, आय्म सेंडिंग, आय्म कॉलिंग" असं एका दमात म्हणायचं.

याचा उलटा परिणामही लिहून ठेवते, कारण तो होणारच. "आय्म" एकदा जिभेवर बसलं की ते सगळीकडे चिकटतं. "आय्म लिव्ह इन नेरूर." "आय्म अग्री." दोन्ही चुकीचं. यावर सांगण्याजोगा उपाय एकच सापडला: "आय्म" म्हटल्यावर एक श्वास थांबायचं आणि पुढे क्रियापद येणार असेल तर त्याला आयएनजी लावल्याशिवाय तोंड मिटायचं नाही. "अग्री"साठी वेगळं पाठ करून घेतलं: "आय अग्री", मध्ये काही नाही.

१० जुलै

भाताची लावणी चालू आहे, वर्ग अर्धा रिकामा. पुढच्या वर्षी वर्ग लावणी आटोपल्यावर सुरू करावा. जे येतात तेही दिवसभर चिखलात वाकून आलेले असतात, त्यांच्याकडून लिखाण होत नाही.

चित्रांचे पत्ते करून आणले होते. रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन मिळून ६०० रुपये गेले. बाई स्वयंपाक करतेय, मुलगा सायकल चालवतोय, म्हातारा पेपर वाचतोय. पत्ता दाखवायचा आणि वाक्य म्हणवून घ्यायचं. वाक्यं आली, पण पाढ्यांसारखी. एका काकींनी कारण सांगून टाकलं: "ताई, ह्यां सगळ्यांका दिसताच मां, मगे सांगूचां कित्याक?"

काकींचं म्हणणं खरं आहे, आणि त्यावरच इथून पुढचा सगळा वर्ग उभा करायचा ठरवलं. डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट आपण समोरच्याला सांगत नाही. ती सांगतो ज्याला दिसत नाही त्याला. फोनवर, दाराआडून, दुसऱ्या खोलीतून. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं वर्णन करायचे ते मैदान न दिसणाऱ्यांसाठी. चालू वर्तमानकाळाची खरी गरज तिथे आहे. वर्गात "आय ॲम ओपनिंग द डोअर" म्हणत दार उघडण्याचा जो खेळ सगळीकडे करतात, त्यात ही गरजच नसते, म्हणून तो जिभेपर्यंत जाऊन तिथेच थांबतो.

१६ जुलै

पाठीला पाठ लावून खुर्च्या मांडल्या. एकाचं तोंड खिडकीकडे, दुसऱ्याचं भिंतीकडे. खिडकीवाल्याने रस्त्यावर चाललेलं सांगायचं, भिंतीवाल्याने विचारत राहायचं आणि शेवटी मराठीत सगळ्यांना सांगायचं की बाहेर काय चाललंय. सांगण्यात खोट असली की लगेच उघडी पडते.

पहिला अर्धा तास वाया गेला. खिडकीतून दिसत होत्या एसटी आणि रिक्षा. "द बस इज..." म्हणून "टर्निंग" आठवेपर्यंत बस वळून गेलेली असायची. मुलं हिरमुसली. पण हा दोष त्यांचा नाही. क्रिकेटच्या इंग्रजी वर्णनातही गोलंदाज धावत येऊन चेंडू टाकतो ते साध्या वर्तमानकाळात सांगतात: "बुमरा कम्स इन, बोल्स." चालू वर्तमानकाळ तिथे लागतो तो संथ गोष्टींना: "द बॅट्समेन आर वॉकिंग बॅक." झटक्यात संपणाऱ्या गोष्टीला हा काळ बसतच नाही, कारण ती चालू असताना पकडता येत नाही.

मग खिडकी बदलली. मागच्या बाजूला शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या शेजारी एक आजी भाजी निवडत बसतात. शिंपी कापतोय, शिवतोय, टेप लावून मापं घेतोय, गिऱ्हाइकाशी बोलतोय. प्रत्येक काम दोन-तीन मिनिटं चालणारं. "हीज कटिंग द क्लॉथ. नाउ हीज टॉकिंग टू अ कस्टमर. शीज स्टिल क्लीनिंग द व्हेजिटेबल्स." यातलं "स्टिल" मी दिलं आणि ते लगेच रुजलं, कारण आजी खरोखरच अजून भाजीच निवडत होत्या.

वर्ग घेणाऱ्यांना एवढंच सांगते: आधी संथ काम शोधा. चहाची टपरी, गॅरेज, इस्त्रीवाला. हमरस्ता नको.

२२ जुलै

आज फोन. एकाने पाहुणा व्हायचं आणि खोलीतून फोन करायचा, दुसरा रिसेप्शनला. खरे मोबाइल, एक जण वाचनालयाच्या ओसरीवर, एक आत. हाताशी काहीतरी खरं काम द्यायचं, म्हणजे रजिस्टर चाळणं, किल्ली शोधणं, कुणाला तरी हाक मारणं.

इथे मराठीच्या सवयी अशा वर आल्या की आजची नोंद लांबणार आहे.

पाहुण्याने टॉवेल मागितला. मुलगा म्हणाला, "आय केम, सर." पलीकडून हाक आली की आपण "आलो, आलो!" म्हणतो, मालवणीत "इलंय, इलंय!" अजून जागेवरून उठलेलोही नसतो, पण क्रियापद भूतकाळातलं. इंग्रजीत तिथे "आय्म कमिंग" हवं. तसंच "निघालो" म्हणजे "आय्म लीव्हिंग", आणि लांबून दिसलेल्या बसला आपण "बस आली!" म्हणतो तिथे "द बस इज कमिंग." सांगून हे लक्षात राहत नाही. ओसरीवरून हाक मारायची आणि "आय्म कमिंग" ऐकू आल्याशिवाय हाका थांबवायच्या नाहीत, असं केलं. वर्ग सुटेपर्यंत गल्लीतली लहान पोरंही "आय्म कमिंग" ओरडत होती.

याची दुसरी बाजू लगेच आली. फोन ठेवताना एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ओके सर, आय्म कमिंग." तिला म्हणायचं होतं "येते हं". आपण जाताना "येते" म्हणतो, "जाते" म्हणणं बरं वाटत नाही. पण पाहुणा आता दार उघडून तिची वाट बघत बसणार. फोन ठेवताना "थँक यू, सर", समोरून निघताना "आय्म गोइंग नाउ" किंवा नुसतं "सी यू". या मुलीने विचारलं, "ताई, गोइंग म्हटल्यार पाहुण्याक वायट नाय वाटूचां?" नाही वाटणार. तिथे जाण्याशी काही अशुभ जोडलेलं नाही.

तिसरी गोष्ट उद्याच्या कामांची. "उद्या येतो" हे आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून मुलं "आय कम टुमॉरो" म्हणतात. ठरलेल्या कामाला इंग्रजीत चालू वर्तमानकाळ चालतो: "आय्म कमिंग टुमॉरो", "द टॅक्सी इज कमिंग ॲट सिक्स", "वुई'र एक्स्पेक्टिंग यू ॲट टू." पुस्तकात हा भाग शेवटी असतो. हॉटेलच्या कामाला तो पहिल्याच दिवशी लागतो, म्हणून मी तो वर आणला.

शाळेतलं सूत्र आहे: वाक्याच्या शेवटी "त आहे" असेल तिथे आयएनजी. वर लिहिलेल्या एकाही वाक्यात "त आहे" नाही. मराठी वाक्याचं शेपूट बघून इंग्रजी काळ ठरवायचा नाही, प्रसंग बघून ठरवायचा. मराठीतून भाषांतर करायला देणं आजपासून पूर्ण बंद.

२५ जुलै

प्रश्न. आपण प्रश्न विचारताना शब्द हलवत नाही, नुसता सूर चढवतो. म्हणून "यू आर कमिंग?", "व्हॉट यू आर डूइंग?" काउंटरवर समजून घेतात, पण मुलाखतीत लगेच खटकतं. फार वेळ घालवला नाही. कामाला लागणारे चारच प्रश्न घोटून घेतले: "आर यू चेकिंग इन?" "आर यू वेटिंग फॉर समवन?" "हाउ लाँग आर यू स्टेइंग?" "हूज कॉलिंग, प्लीज?" बाकीचे यांच्यावर बेतून जमतात.

३१ जुलै

कुडाळ स्टेशन. फलाट तिकिटं प्रत्येकी १० रुपये, ती माझ्याकडून. स्टेशनवरच्या घोषणेत इंग्रजी चालू वर्तमानकाळ फुकट ऐकायला मिळतो: "...इज अरायव्हिंग शॉर्टली ऑन प्लॅटफॉर्म नंबर...", "...इज रनिंग लेट बाय..." पावसाळी वेळापत्रकात या मार्गावर गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे वाट बघत बसायला वेळही भरपूर मिळाला.

निम्मे फलाटावर, निम्मे बाहेर रिक्षा स्टँडजवळ. फलाटावरच्याने फोन करून आत काय चाललंय ते सांगायचं. पावसाचा आवाज पत्र्यावर एवढा की निम्मं ऐकूच येईना. तरी त्याने फायदाच झाला. पलीकडचा "सॉरी? व्हॉट इज हॅपनिंग?" असं आपोआप विचारू लागला आणि सांगणाऱ्याला तेच वाक्य पुन्हा, सावकाश, पूर्ण म्हणावं लागलं. "पीपल आर रनिंग. द ट्रेन इज स्टॉपिंग. अ वुमन इज गेटिंग डाउन विथ अ बिग बॅग."

वेळापत्रकाच्या फलकासमोर उभं करून फरकही दाखवला. गाडी रोज ठरलेल्या वेळेला सुटते ते "लीव्हज". आत्ता समोर सुटतेय ते "इज लीव्हिंग". नाश्त्याची वेळ सांगताना हेच लागणार: "ब्रेकफास्ट स्टार्ट्स ॲट सेव्हन." रोजचं ते साधं.

५ ऑगस्ट

आयएनजी न घेणारी क्रियापदं. हा भाग लवकर शिकवला असता तर मुलं बोलायचीच थांबली असती, म्हणून बोलायला लागल्यावरच काढला.

चुका ठरलेल्या आहेत आणि सगळ्यांच्या सारख्या आहेत. "आय्म अंडरस्टँडिंग, सर." "आय्म नॉट हिअरिंग यू." "आय्म नोइंग द वे." मराठीत "समजतंय", "ऐकू येत नाहीये" अगदी बरोबर, त्यामुळे जीभ तिकडे वळते. इंग्रजीत "आय अंडरस्टँड", "आय कान्ट हिअर यू", "आय नो". फोनवर काम करणाऱ्याला "आय कान्ट हिअर यू" दिवसातून कितीदा तरी लागतं, म्हणून ते आधी.

सगळ्यात चिवट शब्द "हॅव". "आय्म हॅविंग टू सिस्टर्स." "द रूम इज हॅविंग सी व्ह्यू." वस्तू, माणूस, सोय असणं यात काही चालू नाही, तिथे साधंच: "द रूम हॅज अ सी व्ह्यू." पण "द गेस्ट इज हॅविंग ब्रेकफास्ट" बरोबर, कारण नाश्ता चालू आहे आणि संपणार आहे. मुलांनी विचारलं, मग ओळखायचं कसं? मी त्यांना म्हटलं, मध्येच थांबवता येईल का ते विचारा. नाश्ता अर्धा टाकून उठता येतं. बहीण असणं अर्ध्यावर टाकता येत नाही. ही कसोटी सगळीकडे लागू पडेल असं नाही, पण काउंटरवर लागणाऱ्या बहुतेक क्रियापदांना पडते. "द सूप टेस्ट्स गुड", पण "द शेफ इज टेस्टिंग द सूप."

रेस्टॉरंटला जाणाऱ्या एका मुलाने स्वतःहून विचारलं, "आय्म वाँटिंग" चालेल का? नाही. "वाँट", "नीड", "लाइक" साधेच ठेवा. जाहिरातींत कधी "लव्हिंग" दिसतं, त्यावर आत्ता जायचं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पिंगुळीला गेलो. वर्गातल्या पिंगुळीच्या मुलाने सुचवलं. ठाकर समाजाची चित्रकथी आमच्या तालुक्याची, आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा इथल्या प्रत्येकाला आपल्याच घरात आल्यासारखी वाटली. त्यांच्या कुटुंबाचं ठाकर आदिवासी कला आंगण बघितलं. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक दाखवत कथा गातात. चित्र बघून सांगायचं, म्हणजे आम्हाला हवं तेच.

परवानगी घेऊन फोटो काढले, परत येऊन ओसरीवर वर्ग घेतला. एकाच्या हातात फोटो, दुसरा पाठ फिरवून कागद-पेन्सिल घेऊन बसलेला. सांगेल तसं काढायचं. हा खेळ मला आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा वाटला.

पण अडचण मोठी निघाली, कारण चित्रांत माणसं फारसं काही "करत" नसतात. राजा बसलाय, सेवक मागे उभा आहे, त्याने चवरी धरलीय, मुकुट घातलाय, कुणी निजलंय. बसलाय, उभा आहे, धरलीय, घातलाय, निजलंय: मराठीत यातलं एकही चालू वर्तमानकाळात नाही. आपल्यासाठी बसण्याची क्रिया होऊन गेलेली आहे, उरलीय ती अवस्था. इंग्रजीत ही सगळी चालू: "द किंग इज सिटिंग. अ सर्व्हंट इज स्टँडिंग बिहाइंड हिम. हीज वेअरिंग अ क्राउन." मुलांनी "द किंग इज सॅट", "द किंग सीट्स" असं काय काय केलं. एकाने "हीज ड्रेसिंग अ क्राउन" म्हटलं.

हॉटेलात हे फार लागतं. "युवर ड्रायव्हर इज वेटिंग आउटसाइड, हीज वेअरिंग अ व्हाइट शर्ट." "द बेबी इज स्लीपिंग, प्लीज डोन्ट रिंग द बेल." म्हणून ही पाच-सहा क्रियापदं वेगळी काढून अंगाने करून घेतली. खुर्चीत बसून राहायचं आणि बसून राहिलंय तोवर दर थोड्या वेळाने "आय्म सिटिंग" म्हणायचं. उठलं की ते बंद. उभं राहिल्यावर "आय्म स्टँडिंग", हात दुखेपर्यंत पाण्याचा तांब्या धरून "आय्म होल्डिंग". अवस्थेलाही वेळ लागतो आणि ती संपते, हे अशाने अंगात उतरलं. काकींना हे सगळ्यांच्या आधी जमलं.

चित्रातली कथा सांगायला लागल्यावर मात्र इंग्रजी पुन्हा साध्या वर्तमानकाळात जातं: "द किंग सिट्स डाउन अँड आस्क्स..." मुलांच्या कानाला हे एव्हाना कळत होतं, समजावून सांगावं लागलं नाही.

१४ ऑगस्ट

स्पेलिंग. पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर लिहावं लागतं, म्हणून एक संध्याकाळ. शेवटचं ई गळतं: राइटिंग, अरायव्हिंग, लीव्हिंग. रनिंगला डबल एन, स्टॉपिंगला डबल पी, सिटिंगला डबल टी. बिगिनिंगला डबल एन, पण ओपनिंगला नाही, कारण जोर "ओ"वर आहे. ट्रॅव्हलिंगला ब्रिटिश पद्धतीने डबल एल, अमेरिकन एकच लिहितात, दोन्ही चालतं. "लाय"चं एल-वाय-आय-एन-जी. क्लीनिंगमध्ये काही बदलत नाही, तरी तिथेही डबल एन घालणारे निघाले.

२० ऑगस्ट

"युवर रूम इज क्लीनिंग." हे वाक्य मी पणजीतही नव्या मुलांकडून ऐकलंय. "खोली साफ होतेय" मनात असतं, त्यामुळे खोली स्वतःच झाडू घेऊन उभी राहते. हवं "युवर रूम इज बीइंग क्लीन्ड." नियम समजावण्यात पाऊण तास गेला आणि वर्गाचे चेहरे पडले. नियम सोडला आणि तीनच वाक्यं गाणं घोटावं तशी घोटली: "युवर रूम इज बीइंग क्लीन्ड." "युवर ऑर्डर इज बीइंग प्रिपेअर्ड." "युवर बिल इज बीइंग प्रिंटेड." ज्यांना तेवढंही जड गेलं त्यांना पळवाट दिली: "दे'र क्लीनिंग युवर रूम." पाहुण्याला खोली कधी मिळणार एवढंच हवं असतं, आणि या वाक्याने काम होतं.

२३ ऑगस्ट

२७ला गणपती. आता गौरी-गणपती होईपर्यंत इथे कुणी वर्गाला येणार नाही आणि मीही बोलवणार नाही. मुंबईहून चाकरमानी येतील, त्यांच्यात इंग्रजी माध्यमातले भाचे-पुतणे असतील. अभ्यास एवढाच दिलाय: गाडीत असलेल्या नातेवाइकाला रोज एक फोन करायचा आणि घरात काय चाललंय ते इंग्रजीत सांगायचं. "वुई'र मेकिंग द माटोळी. आई इज मेकिंग मोदक्स. व्हेअर आर यू? आर यू क्रॉसिंग चिपळूण?" (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळापानांची आरास.)

९ सप्टेंबर

परत सुरू. भीती होती की सगळं विसरून येतील. उलट झालं. ज्यांनी फोन केले त्यांची वाक्यं वर्गात घोटलेल्यांपेक्षा मोकळी आली, कारण पलीकडच्याला खरंच विचारायचं होतं आणि ह्यांना खरंच सांगायचं होतं. झारापच्या एका मुलीच्या भाच्याने तिला "नो आत्या, यू आर नॉट स्पीकिंग राँग" म्हटलं, हे तिने येऊन सगळ्यांना सांगितलं. जे फोन करायला लाजले, ते होते तिथेच आहेत. त्यांच्यासाठी रोज वर्गाआधी माझा स्वतःचा फोन: "व्हेअर आर यू? व्हॉट आर यू डूइंग?" उत्तर मिळाल्याशिवाय ठेवायचा नाही.

१२ सप्टेंबर

फोनवरची परीक्षा. पणजीतली माझी एक जुनी सहकारी पाहुणी झाली, तिने प्रत्येकाला फोन केला. मुलांना ती कोण ते सांगितलं नव्हतं. टॉवेल, टॅक्सी, बंद एसी, उशिरा येणारं विमान.

"आय गोइंग" एकाकडूनही आलं नाही. "आय केम, सर" एकदाच आलं आणि त्याने लगेच स्वतःच सुधारलं. बंद एसीला "द एसी इज नॉट वर्क" अजून दोघांकडून येतं. "हॅविंग" टिकून आहे, विशेषतः घाईत.

एक चूक मात्र सगळ्यांची राहिलीय, आणि ती चालू वर्तमानकाळामुळेच पक्की होते. सहकारीने विचारलं, किती दिवस इंग्रजी शिकताय? उत्तर: "आय्म लर्निंग सिन्स जुलै." मराठीत "जुलैपासून शिकतोय" बरोबर आहे. इंग्रजीत कधीपासून हे सांगायचं झालं की "आय्म" चालत नाही, "आय्व्ह बीन लर्निंग सिन्स जुलै" लागतं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येणार: किती वर्षं काम करताय, कुठे राहताय, कधीपासून. मंगळवारपासून हेच घेणार आहे, "आय्व्ह बीन" हा पुन्हा एकच शब्द धरून, आणि शिंप्याच्या दुकानापासूनच सुरुवात. तो तिथे कधीपासून बसतोय हे मुलांनी आधी त्याला जाऊन विचारून यायचंय.